प्रकल्प नोंदी : प्रभात रस्त्यावरील जुन्या स्वयंचलित धुलाई यंत्राची दुरुस्ती

९ जून २०२४

प्रभात रस्त्यावरचा बंगला पुनर्विकासाला जाणार असल्याने काकूंनी मागच्या पडवीतले धुलाई यंत्र घेऊन जाण्यास सांगितले आणि आज ते टेम्पोने कर्वेनगरच्या कार्यशाळेत आले. काकू आणि त्यांचे यजमान १९६७ साली अमेरिकेतून कायमचे परतले तेव्हा हे यंत्र बोटीने मुंबईला आणि तेथून ट्रकने पुण्याला आले होते. २००४ पर्यंत ते चालत होते. त्यानंतर बटण ओढले की मोटार नुसती घुमायची, फिरायची नाही, म्हणून त्यावर मेणकापड टाकून ठेवले गेले. सोबत लोखंडी पेटीतला एक जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपल्याकडचे व्होल्ट यंत्राला लागतील इतके कमी करणारे उपकरणही आले आहे.

मागच्या पाटीवरचा रंग घासून गेला आहे. एवढेच वाचता येते : ११५ व्होल्ट, ६० सायकल, १/२ अश्वशक्ती. झाकणाच्या आतल्या बाजूला काकूंच्या अक्षरात एक पुठ्ठ्याची चिठ्ठी चिकटवलेली आहे : "१० म्हणजे १२ धरावे." साबणाच्या चमच्यांची किंवा कपड्यांच्या नगांची ही आठवण असावी असे समजून मी पुढे गेलो.

१२ जून

मागचा पत्रा काढला. एक मोटार, तिच्यावरून जाणारा एकच व्ही-बेल्ट, त्याच बेल्टवर टेकून फिरणारा पंप, मधोमध बिडाचा गिअरबॉक्स आणि वर भोके असलेला, मुलामा दिलेला टब, अशी रचना दिसल्यावर कुळ ओळखायला पाटीची गरज उरली नाही. या रचनेचे पहिले यंत्र १९४७ साली सिअर्स या अमेरिकन दुकानदार कंपनीने केनमोर या नावाने विकले. ते बनवणारी मिशिगनमधील कंपनी पुढे व्हर्लपूल या नावाने ओळखली जाऊ लागली आणि हीच मूळ आखणी त्यांनी लहानमोठ्या सुधारणा करत १९८० च्या दशकापर्यंत वापरली. इतकी वर्षे टिकलेली आखणी आतून कशी आहे हे हाताने उघडून पाहण्याची संधी मला पुण्यात बसून मिळाली, याचे मोल मला फार वाटते.

यंत्राचे आयुष्य तळमजल्यावर आणि खडकवासल्याच्या पाण्यावर गेले. हे पाणी मऊ असल्याने टबाच्या आत क्षार जवळजवळ नाहीत आणि मुलामा अजून पांढराशुभ्र आहे. बोअरचे पाणी असलेल्या उपनगरांतली यंत्रे मी उघडली आहेत. त्यांत टबाच्या काठावर करवंटीसारखा थर असतो.

१६ जून

सगळा दिवस टबाच्या मधला दांडा काढण्यात गेला.

इंग्रजीत त्याला ॲजिटेटर म्हणतात. काकूंच्या घरी त्याला पहिल्यापासून 'रवी' म्हणत आले आहेत आणि मला याहून नेमका शब्द सापडत नाही, कारण दोरीने ताक घुसळताना रवी जशी अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे फिरते, तशीच ही फिरते. पूर्ण गोल कधीच नाही. ही रवी काळ्या बॅकेलाइटची, म्हणजे जुन्या प्रकारच्या कडक प्लास्टिकची आहे, सरळ उभ्या पात्यांची, हातात घेतली की दगडी पाट्यासारखी थंड लागते. ती खालून येणाऱ्या शाफ्टच्या दातेरी टोकावर बसते. साबण आणि गंज यांचा लगदा वीस वर्षे त्या दातांत सुकला की बाहेर ओढून ती निघत नाही.

सकाळी गरम पाणी आतपर्यंत भरून तासभर ठेवले, मग व्हिनेगर, मग रॉकेल. दुपारी भाच्याने पात्यांखालून सुती दोर गुंडाळून वर ओढण्यास सुरुवात केली आणि मी त्याला बाजूने लाकडी पाचर मारण्याची परवानगी दिली. ती देऊ नये होती. बॅकेलाइट ताण सोसत नाही. खालच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला. त्यानंतर पाचर बाजूला ठेवली, पुन्हा उकळते पाणी ओतले, दोर चारही पात्यांवर सारखा ताणला आणि दर पाच मिनिटांनी रबरी हातोडीने वरून हलके ठोके दिले. संध्याकाळी साडेसहाला बाटलीचे बूच निघावे तसा आवाज होऊन ती सुटली. टवका जपून ठेवला आहे. तो एपॉक्सीने बसवीन, पण सांधा दिसत राहील.

१९ जून

ज्या भागासाठी हे काम मी हाती घेतले, तो आज टेबलावर आला. मोटार एकाच दिशेने फिरते, तरी तिच्याकडून घुसळणे, थांबणे आणि पिळणे ही तिन्ही कामे कशी करून घेतली जातात, हा प्रत्येक कंपनीपुढचा प्रश्न होता आणि त्याची उत्तरे एकमेकांपासून फार वेगळी आहेत. मेटॅगने मोटारच उलटी फिरवली : एका दिशेने घुसळणे, दुसऱ्या दिशेने पिळणे. जनरल मोटर्सच्या मालकीच्या फ्रिजिडेअरने १९४७ साली आणलेल्या यंत्रात रवी फिरतच नाही, उखळातल्या मुसळासारखी वरखाली होते; टबालाही भोके नाहीत, पिळताना पाणी भिंतीवरून चढून काठावरून बाहेर पडते आणि पिळण्याचा वेग मिनिटाला १,१४० फेरे, म्हणजे त्या काळासाठी फारच मोठा.

आमच्या यंत्रातले उत्तर मला यांपैकी सर्वांत बुद्धिमान वाटते. गिअरबॉक्समधून एक झुलता हात बाहेर आलेला असतो, त्याला तिकडचे मेकॅनिक वीगवॅग म्हणतात. मोटार चालू असेपर्यंत तो घड्याळाच्या लंबकासारखा सतत झुलत असतो. त्यावर दोन छोटी सोलेनॉइड, म्हणजे वीज मिळाली की चुंबक होणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या, बसवलेली असतात आणि प्रत्येकाच्या खाली एक पिन, जी एका सरकत्या पट्टीच्या खाचेत फिरते. सोलेनॉइडला वीज मिळाली की पिन वर उचलली जाते आणि पुढच्याच झोक्यात ती पट्टीला एका बाजूला ढकलून नेते. वीज गेली की पिन खाली पडते आणि झोका पट्टीला परत आणतो. एका पट्टीने रवी जोडली जाते, दुसरीने टबाचा क्लच आणि ब्रेक. म्हणजे सोलेनॉइडला फक्त काही ग्रॅमची पिन उचलायची असते. जड क्लच सरकवण्याची ताकद मोटारीच्याच झोक्यातून येते.

या कल्पनेची एकच दुखरी बाजू आहे. सोलेनॉइड झुलतात म्हणून त्यांच्या तारांनाही आयुष्यभर झुलावे लागते आणि त्या टर्मिनलपाशी आतून तुटतात. आमच्या चारपैकी दोन तारा वरून शाबूत आणि आतून तुटलेल्या निघाल्या. तपकीर गल्लीत बारीक पदरांची सिलिकॉन वेष्टनाची तार मिळाली. तिला एक सैल वळसा देऊन बांधले. पिळण्याच्या सोलेनॉइडची गुंडाळी काळवंडली आहे. ती का काळवंडली, हे लगेच लक्षात आले नाही.

२३ जून

टायमर उघडला. आत दातेरी कडांच्या चकत्यांचा एक जुडगा आहे. तो फिरतो तसे तांब्याच्या पट्ट्यांचे संपर्क जुळतात आणि सुटतात. जुडगा सलग फिरत नाही, ठरावीक वेळाने एकेक दात पुढे उडी मारतो आणि त्या उडीचा 'टक्' आवाज बाहेरूनही ऐकू येतो. त्याला चालवणारी मोटार अंगठ्याएवढी, सिंक्रोनस प्रकारची.

तबकडीवरच्या आकड्यांप्रमाणे एक उडी दोन मिनिटांची. मी घड्याळ लावून मोजली तर ती दोन मिनिटे चोवीस सेकंदांची निघाली. सुकलेल्या तेलामुळे टायमर अडखळत असावा असे ठरवून मी तो पूर्ण सोडवला, धुतला, घड्याळाचे तेल एकेक थेंब दिले, संपर्क सफाईने पुसले आणि चार तासांनी पुन्हा मोजले. दोन मिनिटे चोवीस सेकंद. अडखळणारे यंत्र कधी इतका नेमका उशीर करत नाही. एकशे वीसऐवजी एकशे चव्वेचाळीस सेकंद, म्हणजे बरोबर सहा-पंचमांश. आणि साठ भागिले पन्नास म्हणजेही सहा-पंचमांश. सिंक्रोनस मोटार विजेच्या आवर्तनांना बांधलेली असते. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ आवर्तनांची, आपल्याकडे पन्नास. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, आवर्तने बदलत नाहीत.

झाकण उघडून चिठ्ठी पुन्हा वाचली. दहा म्हणजे बारा धरावे. काकूंनी हे स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मोजून लिहून ठेवले होते.

२ जुलै

मोटार वाइंडिंगसाठी, म्हणजे आतली तारेची गुंडाळी नव्याने भरण्यासाठी, नाना पेठेत नेली. पालख्यांच्या मुक्कामामुळे दोन दिवस तो सगळा भाग वारकऱ्यांनी भरलेला होता, दुकान आज उघडले. तिथले मामा पन्नास वर्षे मोटारी गुंडाळत आहेत. त्यांनी झाकण काढून वास घेतला आणि सांगितले, "साहेब, चालतं वाइंडिंग शाबूत आहे. सुरुवातीचं जळलंय. आणि हे एकदा आधीपण कुणीतरी भरलेलं आहे."

एकाच जागी दोनदा जळणे हा योगायोग नव्हे. अशा मोटारीत सुरुवातीचे वाइंडिंग केवळ उठावासाठी असते. वेग आला की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच ते तोडतो. मामांच्या शेजारी लेथ आहे, तिथे शाफ्ट फिरवून पाहिला तर स्विच १,३४० फेऱ्यांना उघडत होता. साठ आवर्तनांवर मोटार १,७२५ च्या आसपास फिरते, तिथे हे ठीक आहे. पन्नासवर तिची धाव १,४२० पर्यंतच जाते. टब कपड्यांनी भरलेला आणि संध्याकाळी व्होल्ट पडलेले असतील तर ती १,३४० पर्यंत पोचणारच नाही, स्विच उघडणार नाही आणि सुरुवातीचे वाइंडिंग शिजत राहील. मामांनी हलक्या स्प्रिंगा बसवून स्विच १,१२० वर आणून दिला. वाइंडिंग, वॉर्निश आणि दोन बेअरिंग मिळून आठ दिवसांचे काम त्यांनी चार दिवसांत करून देण्याचे कबूल केले.

७ जुलै

मोटार परत आली. बेल्ट न चढवता, जुन्या ट्रान्सफॉर्मरवर चालवली. आपल्या घरी २३८ व्होल्ट येतात, त्यामुळे बाहेर ११४ मिळतात आणि पाटीवर ११५ लिहिलेले आहेत, तेव्हा सगळे बरोबर दिसते. तरीही मोटार भाराविना ८.१ अँपिअर ओढत होती आणि वीस मिनिटांत तिचे अंग ७८ अंशांवर गेले.

कारण पुन्हा तेच. मोटारीच्या लोखंडात किती चुंबकत्व भरले जाते, हे व्होल्ट आणि आवर्तने यांच्या गुणोत्तरावर ठरते. आवर्तने सहाऐवजी पाच केली आणि व्होल्ट तेच ठेवले तर लोखंड गच्च भरते, प्रवाह वाढतो आणि वाढलेला प्रवाह काम न करता फक्त उष्णता देतो. ११५ चे पाच-षष्ठांश म्हणजे ९६ व्होल्ट या मोटारीला हवेत. सोलेनॉइडची गुंडाळी काळवंडण्याचे कारणही यातच आहे. सदतीस वर्षे या यंत्राला योग्य समजून दिलेले व्होल्ट प्रत्यक्षात जास्त होते.

मामांनी ट्रान्सफॉर्मरवर वेगळी टॅपिंग, म्हणजे गुंडाळीच्या मधूनच कमी व्होल्ट घेणारी जोडणी, काढून दिली. आता बाहेर ९७ व्होल्ट येतात. भाराविना प्रवाह ५.८ अँपिअर, वीस मिनिटांनी तापमान ५५ अंश, आणि घुमण्याचा आवाज निम्म्यावर. परदेशातून आणलेले साठ आवर्तनांचे जुने मोटारीचे यंत्र कोणाकडे असेल, तर पहिल्यांदा हीच एक दुरुस्ती करावी असे मी आग्रहाने सांगेन.

१४ जुलै

गिअरबॉक्समधले डांबरासारखे तेल काढले, नवे भरले, ऑइल सील बदलले. सील रविवार पेठेत मापावर मिळाले.

मग पहिले पाणी. गच्चीवरची टाकी यंत्रापासून साडेतीन मीटर उंच आहे. एवढ्या दाबावर आत येणारा व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही, म्हणून टब भरायला सव्वीस मिनिटे लागली. सुदैवाने या यंत्रात पाण्याची पातळी हवेच्या नळीने आणि दाबाच्या स्विचने मोजली जाते आणि ती गाठेपर्यंत टायमर थांबून राहतो. त्याच काळातल्या काही स्वस्त यंत्रांत भरण्याची फक्त वेळ ठरलेली असे. आपल्याकडच्या दाबावर ती अर्ध्या टबातच घुसळू लागली असती.

बादल्यांनी मोजले : टबात ६४ लिटर. धुणे आणि एक खोल खळबळणी मिळून १२८ लिटर, फवारे वेगळे. उभ्या अक्षाच्या यंत्रात कपडे पूर्ण बुडावे लागतात, त्याला इलाज नाही. आडव्या ढोलाच्या यंत्रात तळाशी थोडे पाणी पुरते, कारण कपडे वर जाऊन त्यातच पडत राहतात. १९३७ साली अमेरिकेत बेंडिक्सने आणलेले पहिले घरगुती स्वयंचलित यंत्र आडव्या ढोलाचेच होते, पण त्याला स्प्रिंगांचा आधार नव्हता आणि ते जमिनीला बोल्टने आवळावे लागे. जर्मनीत १९५१ साली आलेल्या कॉन्स्ट्रुक्टाचीही तीच अट होती. युरोपने पुढे आडवा ढोलच धरून ठेवला आणि पाणी तापवायचा हीटर यंत्राच्या पोटात घातला. अमेरिकेतल्या घरात गरम पाण्याचा वेगळा नळ भिंतीतून येत असल्याने तिथल्या यंत्राला हीटरची गरज पडली नाही. काकूंकडे असा नळ नव्हता. त्यांनी गरम पाण्याच्या तोंडाला टोपण लावून टाकले आणि चादरी धुवायच्या दिवशी बंबातले पाणी बादलीने वरून ओतले. वरून उघडणाऱ्या यंत्रातच हे शक्य होते.

२५ जुलै

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडल्याने मुठेला पूर. वीज नाही, काम नाही. यंत्र विटांवर उचलून ठेवले.

४ ऑगस्ट

आज भरल्या टबात, सहा टॉवेल आणि दोन चादरी टाकून, रवीचे झोके मोजले. भाचा आणि मी वेगवेगळे मोजत होतो, तीन वेळा. दर मिनिटाला ५७. साठ आवर्तनांवर हेच ६८.४ झाले असते.

भाच्याचा आग्रह होता की भोसरीहून मोटारीची पुली सहा-पंचमांश मोठी करून आणावी, म्हणजे यंत्र अमेरिकेत चालत होते तसे चालेल. मलाही गेला महिनाभर तेच वाटत होते. कागदावर मांडल्यावर मन बदलले. तबकडीवरची दहा मिनिटे इथे बारा होतात. ५७ गुणिले १२ म्हणजे ६८४. तिकडे ६८.४ गुणिले १० म्हणजेही ६८४. रवी आणि टायमर दोन्ही एकाच प्रमाणात मंदावल्याने कपड्याला मिळणारे झोके एकानेही कमी झालेले नाहीत. आखणी करणाऱ्याने दहा मिनिटांच्या धुण्याला जेवढे झोके ठरवले होते, तेवढेच काकूंच्या चादरींना सदतीस वर्षे मिळत आले. पुली बदलली तर टायमर मंदच राहील, रवी वेगात येईल आणि झोके ८२० च्या वर जातील. शिवाय मोठ्या पुलीचा जादा भार, ९६ व्होल्टांवर आधीच कमी शक्ती देणाऱ्या मोटारीवर पडेल आणि मामांनी भरलेले वाइंडिंग तिसऱ्यांदा धोक्यात येईल.

झोके तेवढेच असले तरी प्रत्येक झोका मंद आहे, हे मान्य केले पाहिजे. पाण्याचा कपड्यावरचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, तेव्हा तो सुमारे सत्तर टक्के राहिला आहे. पण काकूंच्या जुन्या सुती चादरी अजून विरलेल्या नाहीत, त्यात या मंदपणाचाही वाटा असावा असे मला वाटते. पुली मूळचीच ठेवायची असे ठरले.

११ ऑगस्ट

पिळण्याचे मात्र नुकसान खरे आहे. कोरडे २.६ किलोचे टॉवेल आणि चादरी पिळून निघाल्यावर ५ किलो भरल्या. केंद्रोत्सारी जोरही वेगाच्या वर्गाप्रमाणे जातो आणि वेळ वाढवून तो भरून निघत नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये याने काही बिघडत नाही, कपडे तासाभरात वाळतात. श्रावणात दोरीवर दोन दिवस राहतात. या एका कामासाठी वेगळी सोय करता येईल का, याचा विचार केला आणि सोडून दिला, कारण एकाच मोटारीवर सगळे चालते हाच या यंत्राचा पाया आहे.

१८ ऑगस्ट

रवीचा टवका बसवला. सांध्याची रेघ दिसते.

काकू दुपारी आल्या. वय सत्त्याऐंशी, पण पायऱ्या हात न धरता चढल्या. यंत्रात त्यांनी घरून आणलेल्या दोन चादरी टाकल्या, झाकण लावले आणि तबकडी ओढली. पाणी भरले, टायमरचा टक् झाला, वीगवॅग झुलू लागला आणि रवीने घुसळणे सुरू केले. त्या झाकणावर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अरे, पंप वाजत नाही तो. पूर्वी खर्र खर्र करायचा."

त्यांचे बरोबर होते. पंपाच्या चाकावर बेल्टने पडलेली खाच मी जुलैत घासून सपाट केली होती आणि ते नोंदवायचे राहून गेले होते. ते सांगितल्यावर त्यांनी विचारले की खाच पुन्हा पडेल का. पडेल, पण पंधरा-वीस वर्षांनी, असे मी सांगितले.

नव्या सदनिकेत यंत्रासाठी मागच्या गॅलरीत जागा ठेवली आहे. तिथे टाकी सात मजल्यांवर असल्याने पाण्याचा दाब जास्त मिळेल. आत येणाऱ्या नळीवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावायचा आहे. झाकणाखालची चिठ्ठी पुठ्ठा न काढता पारदर्शक पट्टीने पुन्हा चिकटवली. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर मी स्वतःची एक लावली : "फक्त ९६ ची टॅपिंग वापरावी."